ब्रेक का फेल झाला?

४ जुलै २०२३, मंगळवार. मध्य प्रदेशची हद्द ओलांडली की मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेर लागतं. गाव धुळे जिल्ह्यातलं, तालुका शिरपूर. सकाळी पावणेअकराच्या सुमारास उतारावरून आलेला एक कंटेनर तिथे थांबलाच नाही. पुढच्या वाहनांना उडवत तो बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला आणि उलटला. किमान दहा माणसं गेली, वीसहून अधिक जखमी झाली. त्यात बसची वाट बघत उभी असलेली माणसंही होती. त्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कारण दोनच शब्दांचं होतं: ब्रेक फेल.

पळासनेरच्या वर बिजासनचा घाट आहे. सेंधव्याकडून येणारा माल तिथूनच खानदेशात उतरतो आणि त्या घाटात ब्रेक गेल्याच्या बातम्या धुळ्याच्या वाचकाला नव्या नाहीत. चाळीसगाव आणि कन्नडच्या मधला औट्रम घाट तर जड वाहनांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं बंदच झाला. खानदेशातून बाहेर पडायचं तर कुठे ना कुठे डोंगर उतरावा किंवा चढावा लागतो, आणि तिथे गाडीचा जीव ब्रेकवर असतो.

मात्र 'ब्रेक फेल' हे कारण नव्हे, ती घटना आहे. ब्रेक फेल का झाला, हा खरा प्रश्न. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल होता का? चालकानं डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकला होता का? हवेचा पाइप गळत होता का? लायनर झिजून रिव्हेटपर्यंत आले होते का? आणि या यादीतला शेवटचा, सहसा न विचारला जाणारा प्रश्न: चाकाला बसवलेला भाग डब्यावर नाव असलेल्या कंपनीनं बनवला होता का? पळासनेरच्या कंटेनरला नकली भाग होता, असा या लेखाचा दावा नाही. दावा एवढाच आहे की असा भाग असता, तरी तो सापडावा अशी आपली व्यवस्था नाही. नकली सुट्या भागांचा धंदा या न विचारलेल्या प्रश्नावरच उभा आहे.

दोन महामार्ग, एक बाजार

धुळे हे दोन मोठ्या महामार्गांच्या छेदावरचं गाव. उत्तर-दक्षिण जाणारा मुंबई-आग्रा आणि पूर्व-पश्चिम जाणारा सुरत-नागपूर. क्रमांक बदलले, जुन्या सहाचा आता त्रेपन्न झाला. पण गॅरेजवाले अजून 'आग्रा रोड' आणि 'नागपूर हायवे' असंच म्हणतात. याच पूर्व-पश्चिम रस्त्यावर पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. जळगावातून डाळ, प्लास्टिकच्या चटया, पाइप बाहेर जातात. रावेर, सावदा, फैजपूर, यावलच्या पट्ट्यातून केळीचे ट्रक उत्तरेकडे निघतात. केळी थांबत नाही, त्यामुळे ट्रकलाही थांबून चालत नाही.

इतकी वाहनं जिथे फिरतात, तिथे दुरुस्तीही तितकीच. मोठे ट्रक, बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, रिक्षा, काळीपिवळी, ट्रॅक्टर आणि गल्लोगल्ली मोटारसायकली. वॉरंटी संपलेली गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला नेणारा ग्राहक इथे थोडा. बाकीच्यांचा विश्वास ओळखीच्या मिस्त्रीवर. मिस्त्री चिठ्ठी लिहून देतो आणि मालक किंवा गॅरेजमधला पोरगा ती घेऊन स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जातो. काउंटरवर विचारलं जातं, "ओरिजिनल देऊ का लोकल?"

या एका प्रश्नात निदान पाच प्रकारचा माल दडलेला असतो आणि त्यांची सरमिसळ हेच ग्राहकाच्या फसवणुकीचं मूळ. पहिला प्रकार गाडीच्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला. दुसरा, सुटा भाग बनवणाऱ्या कंपनीचा. ब्रेक पॅड, क्लच, बेअरिंग, फिल्टर गाडीच्या कंपन्या बहुधा स्वतः बनवत नाहीत. ज्यांच्याकडून त्या घेतात, ते कारखानदार त्याच जातीचा माल आपल्या नावानं बाजारातही विकतात. तो पहिल्यापेक्षा स्वस्त असतो आणि चांगला असतो. तिसरा खराखुरा 'लोकल': छोट्या कारखान्याचा, त्यांच्याच नावाचा. तो कधी बरा निघतो, कधी सुमार. पण तो स्वतःबद्दल खोटं बोलत नाही. चौथा 'डुप्लिकेट'. माल कुणाचा तरी आणि डब्यावर नाव नावाजलेल्या कंपनीचं. पाचवा जुना माल: भंगारातल्या गाडीचं बेअरिंग किंवा क्लच प्लेट, घासूनपुसून, पॉलिश मारून, नव्या डब्यात घातलेली.

तिसरा प्रकार घेणं हा ग्राहकाचा निर्णय असतो. गाडी जुनी आहे, खिशात पैसे कमी आहेत, दरवाजाचं हँडल किंवा आरसा हवा आहे, तर लोकल घेण्यात काही गैर नाही. चौथ्या आणि पाचव्यात त्याच्याकडून तो निर्णयच काढून घेतला जातो. तो ओरिजिनलची किंमत मोजतो, किंवा थोडी कमी देऊन 'स्वस्तात मिळालं' म्हणून खूश होतो, आणि हातात काय पडलं हे त्याला कळत नाही. पुष्कळदा दुकानदारालाही नक्की ठाऊक नसतं, कारण त्यालाही तो एजंटनं 'कंपनीचाच आहे, बिल मात्र नाही' असं सांगून दिलेला असतो.

डबा खरा, माल खोटा

नकली माल बनवणाऱ्याचं अर्धं काम छापखान्यात होतं. डबा, स्टिकर, बारकोड, होलोग्राम, सगळं हुबेहूब छापता येतं. ज्याला तेवढीही मेहनत नको, तो खरे डबे गोळा करतो. गॅरेजच्या मागे पडलेले इंजिन ऑइलचे रिकामे कॅन हा भंगाराच्या धंद्यातला चांगल्या भावाचा माल. काळं पडलेलं जुनं ऑइल गाळून, त्यात रंग आणि वास मिसळून ते त्याच कॅनमध्ये भरलं, झाकणाला नवं सील बसवलं की नवा कॅन तयार. कॅन अस्सल असल्यामुळे बाहेरून ओळखण्याचा प्रश्नच येत नाही.

सुट्या भागांची देशातली सर्वात मोठी घाऊक बाजारपेठ दिल्लीत काश्मिरी गेटला आहे. तिथून अस्सल माल देशभर जातो, आणि नकली मालासाठी पोलिसांचे छापेही तिथे वेळोवेळी पडत आले आहेत. खानदेशच्या दुकानांत 'दिल्लीचा माल' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात; कोणता अर्थ, ते बोलणाऱ्याच्या स्वरावरून कळतं. ट्रान्सपोर्टच्या पार्सलमधून माल येतो, बिल असलंच तर ढोबळ असतं: 'मोटर पार्ट्स, इतके नग'. कंपनीचं नाव नाही, पार्ट नंबर नाही. पुढे काही झालं तर माग काढायला धागाच उरत नाही.

तापल्यावर काय होतं

नकली भागाचं अवघड दुखणं असं की तो बसवल्या दिवशी चालतो. गॅरेजमधून गाडी बाहेर काढताना ब्रेक लागतात, गाडी थांबते, मालक पैसे देऊन जातो. भाग उघडा पडतो तो ताण आल्यावर.

ब्रेकचं काम वेगाचं रूपांतर उष्णतेत करणं. समजा, २५ टनांचा ट्रक तीनशे मीटर उंची उतरतो आहे. त्या उतारात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात दोनशे लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. चालकानं खालचा गिअर टाकला तर यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. न्यूट्रल टाकला तर जवळजवळ सगळा भार ब्रेक लायनरवर. लायनर किंवा पॅड म्हणजे नुसता काळा ठोकळा नसतो. तंतू, धातूची भुकटी, घर्षण वाढवणारे आणि सांभाळणारे पदार्थ हे सगळं एका रेझिनमध्ये बांधून, दाबाखाली तापवून, पोलादी पट्टीवर पक्कं केलेलं असतं. कोणत्या तापमानाला घर्षण किती राहील, हे कारखान्यात तपासलेलं असतं. नकली पॅडमध्ये रेझिन हलकं, भरताड जास्त. दिसायला फरक नाही. गावात, बाजारात, वीस-तीसच्या वेगाला तर मुळीच नाही. घाटात तापल्यावर मात्र रेझिन जळतं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पाय दाबून दाबूनही ब्रेक लागत नाही. कधी सगळा थरच पट्टीवरून सुटतो. मग ड्रमवर उरतो नुसता लोखंडाच्या घर्षणाचा आवाज.

कार आणि पिकअपमध्ये आणखी एक दुबळी जागा असते: ब्रेक ऑइल. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३०. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून जुनं झालं की हा बिंदू खाली येतो. ओलावा शिरलेल्या डॉट ३ साठी मान्य किमान मर्यादा १४० अंश आहे. नकली ऑइल नव्या बाटलीतूनच या मर्यादेच्या खाली आलेलं असू शकतं. तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. चालकाच्या तोंडून बाहेर पडतात तेच दोन शब्द: ब्रेक फेल.

सगळेच नकली भाग असे एका क्षणात घात करत नाहीत. पुष्कळसे सावकाश मारतात. ऑइल फिल्टरचंच बघा. चांगल्या फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या दाट असतात, आत एक झडप असते जी फिल्टर तुंबला तरी इंजिनला तेल मिळू देते, आणि एक रबरी पडदा असतो जो गाडी बंद असताना तेल खाली उतरू देत नाही. नकली फिल्टर कापून उघडला तर घड्या कमी, झडप नावाला, पडदा नाहीच किंवा कडक झालेला. एअर फिल्टरचं तेच. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ उडणाऱ्या शेतरस्त्यांवर ट्रॅक्टर आणि पिकअप चालवणाऱ्यांना इंजिन वेळेआधी धूर का टाकायला लागलं, हे कळत नाही. ते 'गाडीच खराब निघाली' म्हणतात. कूलंटच्या नावानं रंगीत पाणी विकलं जातं. पुण्यात ते कदाचित खपून जाईल, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या भुसावळ-जळगावात भर दुपारी बोनेटमधून वाफ निघते.

शेतातला युरिया, ट्रकमधला युरिया

या साखळीतला एक दुवा तर थेट खानदेशच्या शेताला जाऊन भिडतो. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या डिझेल ट्रकना बीएस-६ चे नियम लागू झाले. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला बहुतेक मोठ्या गाड्यांत वेगळी टाकी आली. तिच्यात जे द्रव घालतात, त्याला कागदोपत्री डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड म्हणतात. चालक सरळ 'युरिया' म्हणतात. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, इतकंच त्यात असतं. इतकं साधं की कुणालाही वाटावं, आपणच बनवू.

आणि बनवलं जातंही. अनुदानित शेतकी युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते; उद्योगासाठीचा शुद्ध युरिया त्याच्या कित्येक पट महाग. फरक एवढा मोठा असल्यावर गोण्या वळवल्या जाणारच. केंद्राच्या खत विभागाला यासाठी भरारी पथकं नेमावी लागली. पण शेतकी युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप, अशुद्धी आणि बोअरच्या पाण्यातले क्षार फवाऱ्याच्या बारीक तोंडात साचतात, पुढच्या उत्प्रेरकाला खराब करतात. मग सेन्सर चूक पकडतो आणि इंजिन आपली ताकद आपणहून कमी करतं. भरलेला ट्रक चढावर रांगायला लागतो. अशा स्वस्त द्रवाच्या बादलीमागे वाचलेल्या शे-दोनशे रुपयांचं दुरुस्तीच्या बिलापुढे काही चालत नाही.

जून-जुलैत कापूस आणि केळीसाठी युरिया मिळेना म्हणून कृषी सेवा केंद्रासमोर रांगेत उभा असलेला शेतकरी आणि महामार्गावरच्या ढाब्याशेजारी स्वस्त बादली घेणारा त्याचाच ट्रकवाला भाऊ, दोघांना लुटणारा हात एकच असू शकतो.

फुग्याचा विश्वास

जळगाव-धुळ्यात सेकंडहँड कारचा बाजार मोठा आहे. पुण्या-मुंबईची, सुरतची गाडी स्वच्छ धुऊन, पॉलिश करून इथे येते. चालकासमोरची एअरबॅग नव्या कारमध्ये जुलै २०१९ पासून सक्तीची, शेजारच्या सीटची २०२१ पासून. म्हणजे आता सेकंडहँड बाजारात येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅग आहे. निदान स्टिअरिंगवर तसं लिहिलेलं आहे. गाडीला आधी अपघात झाला असेल आणि फुगा एकदा उघडला असेल, तर नवी एअरबॅग बसवायला मोठा खर्च येतो. तिथे नकली शिरते. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी मध्य दिल्लीत एका ठिकाणी छापा घालून नऊशेहून अधिक नकली एअरबॅग जप्त केल्या, नामांकित कंपन्यांच्या नावांच्या. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं जुलै २०२४ मध्ये इशारा दिला: स्वस्तात आणून बसवलेल्या, निकृष्ट इन्फ्लेटरच्या एअरबॅगनी आधीच्या नऊ महिन्यांत तिघांचा जीव घेतला होता आणि दोघांना कायमचं जखमी केलं होतं. एरवी माणूस वाचला असता अशा धडकेत इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे चालकाच्या छातीत, मानेत घुसले. एअरबॅग नसती तर बरं, अशी वेळ.

माणसं नकली का घेतात

'लोक अडाणी आहेत, स्वस्ताच्या मागे लागतात' हे उत्तर सोपं आहे आणि पुरतं खरं नाही. एका ट्रकच्या मालकाचा हिशेब मांडून बघा. हप्ता महिन्याच्या ठरावीक तारखेला जातो. भाडं ठरतं ते मालवाल्याच्या मर्जीनं. गाडी दोन दिवस उभी राहिली तर तो महिना तोट्यात. रात्री अकराला मुक्ताईनगरजवळ चाक जाम झालं आणि ओरिजिनल भाग नाशिकहून उद्या संध्याकाळी येणार असेल, तर हाताशी जो डबा आहे तोच बसतो.

दुसरं कारण मिस्त्रीच्या कमाईत आहे. आपण मजुरीवर घासाघीस करतो. अडीचशे सांगितले की दीडशे देतो. मग मिस्त्री आपली उरलेली मजुरी डब्यातून काढतो: दुकानदाराकडून कमिशन. ज्या डब्यात दुकानदाराचं मार्जिन जास्त, त्यात कमिशनही जास्त, आणि सर्वात जास्त मार्जिन नकली डब्यात. मजुरीत वाचवलेले शंभर रुपये ग्राहक असे दुसऱ्या वाटेनं देतो, वर जोखीम घेऊन.

तिसरं कारण मोठ्या कंपन्यांच्या दारात आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आक्षेप असा होता की या कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरती ठेवतात, खुल्या बाजारातल्या गॅरेजना मिळू देत नाहीत. प्रकरण अपिलात गेलं, दंडाचे आकडे बदलले; पण आयोगानं दाखवलेलं दुखणं खरं होतं. अस्सल भाग जिथे खुल्या दुकानात मिळत नाही किंवा अवाच्या सवा किमतीला मिळतो, तिथे नकलीला जागा आपोआप होते. अलीकडे परिस्थिती थोडी सुधारली आहे. पुष्कळ कंपन्यांचे वितरक आता जिल्ह्याच्या गावी आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. 'बिल नको, कर वाचेल' या मोहाचा एक तुकडा तरी त्यानं कमी झाला.

कायदा आहे, तो कुठून लागतो

नकली भागाच्या छाप्याची बातमी नीट वाचली तर एक गंमत दिसते. गुन्हा बहुधा कॉपीराइट कायद्याखाली नोंदवलेला असतो. ब्रेक पॅडचा कॉपीराइटशी काय संबंध? त्याचं उत्तर पोलिसी कामाच्या सोयीत आहे. ट्रेड मार्क कायदा १९९९ प्रमाणे नकली नावाचा माल विकणं हा सहा महिने ते तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. पण झडती-जप्तीसाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याला आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. तेवढ्या वेळात माल दुकानातून नाहीसा होतो. कॉपीराइट कायदा १९५७ मात्र उपनिरीक्षकाला वॉरंटशिवाय जप्तीचा अधिकार देतो, आणि डब्यावरचं चित्र, अक्षरांची मांडणी ही 'कलाकृती' ठरते. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये या कायद्याच्या कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचंही स्पष्ट केलं.

सोय झाली, पण तिची एक किंमतही आहे. फिर्याद कंपनीची असते, तिच्या नेमलेल्या तपासनिसांनी दुकान हेरलेलं असतं आणि नुकसान मोजलं जातं ते कंपनीच्या नावाचं. ज्याच्या गाडीत तो भाग बसला, तो माणूस या कागदात कुठेच नसतो. जप्ती झालेल्या दुकानातून आधी किती पॅड विकले गेले, ते आज कोणत्या गाड्यांत फिरत आहेत, हा प्रश्न गुन्ह्याच्या चौकटीतच बसत नाही.

ग्राहकाच्या बाजूचा कायदा आहे, तोही कडक. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ९१ नुसार बनावट मालामुळे गंभीर इजा झाली तर विक्रेत्याला सात वर्षांपर्यंत कैद, आणि मृत्यू झाला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२ अ सांगतं की केंद्रानं सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले भाग निकषांविना विकले, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षा पुरेशा आहेत. पण कलम ९१ ची शिक्षा लागू व्हायला एक गोष्ट सिद्ध व्हावी लागते: इजा किंवा मृत्यू या भागामुळे झाला. आणि तिथेच सगळं अडतं.

समुद्रातून काढलेला बोल्ट

८ सप्टेंबर १९८९. नॉर्वेहून जर्मनीला निघालेलं पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कजवळच्या समुद्रात कोसळलं. पंचावन्न जण होते, एकही वाचला नाही. सुरुवातीला घातपाताचा संशय होता. तपास करणाऱ्यांनी समुद्राच्या तळातून विमानाचे तुकडे वर काढले, ते जुळवले आणि शेपटीचा भाग धडाला जोडणाऱ्या बोल्टांपर्यंत पोचले. दुरुस्तीच्या वेळी बसवलेले काही बोल्ट नकली होते, ठरलेल्या ताकदीपेक्षा कमकुवत. पंचावन्न माणसांच्या मृत्यूचा माग अखेर काही बोल्टांपर्यंत काढता आला. विमान उद्योगातले सुट्या भागांच्या नोंदींचे नियम पुढे कडक झाले, त्यामागे अशा तपासांचा मोठा वाटा आहे.

रस्त्यावर आपण काय करतो? अपघात झाला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार वाहनाची तपासणी होते. मोटार वाहन निरीक्षक बघतात ते ब्रेक चालत होते की नाही, स्टिअरिंग, टायर, लाइट यांची स्थिती काय. अहवाल जोडला जातो, चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो, गाडी कोर्टाच्या आदेशानं सुटते आणि तोच मोडका ब्रेक शू गॅरेजच्या भंगारात पडतो. देशात २०२२ या एका वर्षात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात नोंदले गेले, १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. यातली किती नकली भागांनी मारली, याची चर्चासत्रांतून टक्केवारी फेकली जाते. पण भागच कुणी तपासला नसेल, तर ती टक्केवारी मोजली कुणी?

हे अशक्यप्राय काम नाही. पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन म्हणजे एआरएआय आहे, भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. दोन्हीकडे वाहनांचे भाग तपासण्याची साधनं आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १३५ राज्य सरकारला अपघातांच्या कारणांच्या सखोल अभ्यासाची योजना करण्याचा अधिकार देतं. प्रत्येक अपघाताला हे जमणार नाही, कबूल. पण ज्या अपघातात माणूस मेला आहे आणि अहवालात 'ब्रेक निकामी' लिहिलं आहे, तिथे तरी निकामी झालेला भाग सील करून ठेवावा, त्याचं बिल मागावं, आणि डब्यावरच्या कंपनीला तो तिचाच आहे का हे लेखी विचारावं. धुळे आणि जळगावच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांनी एवढा एक ठराव केला, तरी साखळीचा पहिला दुवा हाती लागेल.

प्रशासनानं मनावर घेतलं तर काय करता येतं, याचं एक उदाहरण हेल्मेटचं आहे. आयएसआय चिन्हाविना दुचाकीचं हेल्मेट विकायला जून २०२१ पासून बंदी आहे, तरी महामार्गाच्या कडेला ती दोरीला टांगलेली असायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं थेट जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून मोहीम उघडायला सांगितलं. हेल्मेटसाठी जे जिल्हाधिकारी करू शकतात, ते ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलसाठीही करू शकतात.

आपल्या हातात काय

दुकानदारांच्या संघटनांनी ठरवलं तर पार्ट नंबराशिवाय माल विकत घ्यायचा नाही, हा नियम एका बैठकीत होऊ शकतो. प्रामाणिक दुकानदाराचा धंदा नकलीच मारतो आहे. गॅरेजवाल्यांनी काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा, नव्याचा डबा त्याच्यासमोर उघडावा.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी थोडक्यात. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि एअरबॅग या चार ठिकाणी काटकसर करू नका. करायचीच तर सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमवर करा. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक कायद्यानं असायलाच हवा. नसेल तर डबा परत करा. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा. टायरवर आणि काचेवर आयएसआय चिन्ह बघा. बिलावर कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर लिहून घ्या. 'मोटर पार्ट्स' एवढंच लिहिलेलं बिल म्हणजे बिल नव्हे. मिस्त्रीला पूर्ण मजुरी द्या आणि भाग स्वतः आणा. रिकामा ऑइलचा कॅन तिथेच भोसकून टाका, डबा फाडून टाका, नाहीतर तुमचाच डबा उद्या दुसऱ्याच्या गाडीत नकली होऊन शिरेल. फसवणूक झाली तर भाग आणि डबा जपून ठेवा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवा आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकिलाचीही सक्ती नाही.

पण यापलीकडे एक काम नागरिक म्हणून आहे. पुढच्या वेळी पेपरात 'ब्रेक फेल झाल्यानं अपघात' असं वाचाल, तेव्हा तिथे थांबू नका. आपल्या आमदाराला, परिवहन अधिकाऱ्याला, पोलीस अधीक्षकांना पुढचा प्रश्न विचारा: ब्रेक का फेल झाला, आणि तो कुणी विकला? हा प्रश्न विचारायची सवय लागेपर्यंत घाटाखालच्या गावांना सुरक्षित म्हणता येणार नाही.